शुक्रवारपर्यंतचं काम

पिक्चर चालला की पिक्चर चांगला होता, पडला की पब्लिसिटी कमी पडली. या धंद्यात आल्यापासून हे ऐकत आलेय, आता रागही येत नाही. इंटरनेटवर सिनेमाची जाहिरात करणं हे माझं काम. आधी वेबसाइटी बनवायचे, मग फेसबुकची पेजेस आली, आता ट्रेलरच्या थंबनेलपासून व्हॉट्सॲप स्टेटसपर्यंत सगळंच. कार्डावर 'क्रिएटिव्ह डायरेक्टर' असं छापलंय. आई शेजारणींना सांगते, 'सिनेमाचं कॉम्प्युटरवर काहीतरी करते', आणि ते खरंच आहे.

मी जे.जे. अप्लाइडची, म्हणजे मुंबईच्या उपयोजित कलेच्या कॉलेजची. आम्ही हात बसवला तो ब्रश, बोरू आणि पोस्टर कलरवर. पण माझा खरा अभ्यास झाला तो पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींच्या पानावर. कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावं बघावीत. फोटो नसला तरी नुसत्या अक्षराच्या वळणावरून नाटक हसवणार की रडवणार, हे कळायचं. ती कात्रणं मी वहीत चिकटवून ठेवायचे. नाव आधी, नटाचा चेहरा नंतर, हे डोक्यात बसलं ते तिथे. गेली अनेक वर्षं निर्मात्यांशी जे भांडण चाललंय, त्याचं मूळही तेच.

पहिली नोकरी अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत लागली. डॉटकॉमची लाट नुकतीच फुटली होती, त्यामुळे पगार वेळेवर होईल का याची धाकधूक असायची, पण काम मजेचं होतं. फ्लॅश, म्हणजे वेबपानावर हलती चित्रं आणि आवाज चालवणारं तेव्हाचं सॉफ्टवेअर, शिकायचं आणि त्यात काहीतरी हलवून दाखवायचं. स्टुडिओत सगळ्यांच्या तोंडी एकच उदाहरण असायचं, 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. 1999 साली थिएटरात लागलेला, अगदी कमी पैशांत केलेला अमेरिकन भयपट. त्याची साइट सिनेमाच्या आधीपासून चालू होती आणि तिच्यावर 'आमचा सिनेमा पाहा' असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. तीन विद्यार्थी जंगलात बेपत्ता झालेत, हे त्यांचं सामान, ही पोलिसांची टिपणं, एवढंच. लोकांना ते खरं वाटलं. आमच्याकडे येणारा प्रत्येक निर्माता 'तसलं काहीतरी करा' म्हणायचा आणि पुढच्याच वाक्यात हिरोचा फोटो होमपेजवर मोठा पाहिजे म्हणायचा.

त्या काळात एक साइट बनवणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगितलं की त्यांना गंमत वाटते. घराघरांत डायल-अप, म्हणजे फोनच्या लाइनवरून चालणारं इंटरनेट. 56 केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला 56 किलोबिटचा मोडेम (आठ बिटांचा एक बाइट) कागदावर सेकंदाला 7 केबी द्यायचा, प्रत्यक्षात 4-5 मिळाले तरी नशीब. म्हणजे 1 एमबीचा इंट्रो बघायला माणसाला तीन-चार मिनिटं ताटकळावं लागणार, तेही फोनची लाइन अडवून आणि बिल चढत असताना. म्हणून आमच्याकडे 300 केबीचा दंडक होता. त्यात चित्र, आवाज, अक्षर सगळं बसवायचं. गाण्याचा तुकडा आठ सेकंदांचा घेऊन असा कापायचा की पुन्हा पुन्हा वाजला तरी सांधा कळू नये. एवढं करूनही मिनिटभर थांबावं लागायचंच, म्हणून त्या थांबण्याचंच काहीतरी करायचं. एका रहस्यपटाच्या साइटला मी लोडर म्हणून, म्हणजे साइट उघडेपर्यंत दिसायला, चाळीचा जिना काढला होता. टक्के वाढतील तशी एक सावली पायरी-पायरीने वर जायची, शंभरला दार यायचं आणि ते अर्धवट उघडं असायचं. चित्रपट दुसऱ्या आठवड्यात उतरला, पण त्या जिन्याबद्दल मला पुढे कितीतरी लोकांनी विचारलं. निर्मात्याला ते फारसं आवडलं नाही, आणि त्याची बाजू मला समजते.

मराठी सिनेमांची कामं यायला लागली तेव्हा अक्षराचा प्रश्न उभा राहिला. फ्लॅशला देवनागरी कळायची नाही. काना-मात्रा-वेलांटी आपापल्या जागी बसवणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. ती सोय फ्लॅश प्लेअर 10 मध्ये, 2008 साली आली. तोवर श्री-लिपीसारखे जुने फॉन्ट वापरायचे, ज्यांत अक्षर दिसायला मराठी आणि आतून इंग्रजी कळांची खिचडी. मजकूर टाइप करायचा, कंट्रोल-बी दोनदा दाबायचं, की अक्षरांचे नुसते आकार व्हायचे. दिसायला सुरेख. पण शुद्धलेखनाची चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून, आणि गूगलच्या लेखी त्या पानावर एकही शब्द नाही. सिनेमाचं नाव मराठीत शोधलं तर सिनेमाची स्वतःची साइट सापडायची नाही.

साध्या पानावर युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळणारी पद्धत, वापरावं तर वेगळाच घोळ. विंडोजमध्ये र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट होता, पण एक्सपीच्या कित्येक मशीनवर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण केल्याशिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडायची. दिग्दर्शकाच्या घरी साइट दाखवायला गेले आणि पहिल्याच ओळीत 'निर्मिती'च्या वेलांट्या विस्कटलेल्या. ते म्हणाले, "मॅडम, हे असं जाणार का लोकांसमोर?" मी खाली वाकून त्यांच्याच मशीनमध्ये ती खूण केली, विंडोजची सीडी मागितली, रिस्टार्ट केलं. वेलांट्या जागेवर आल्या. ते खूश झाले. प्रत्येक प्रेक्षकाच्या घरी जाऊन हे करता येणार नव्हतं, म्हणून आम्ही साइटवर एक पान टाकायचो, 'मराठी नीट दिसत नसेल तर', आणि ते पान चित्रात बनवायचो.

बघणारे कोण होते, तर बहुतेक सगळे बाहेरचे. सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं याच्या नोंदी, काढले की आपल्या मध्यरात्री आणि पहाटे आलेख चढलेला दिसायचा. न्यू जर्सी, बे एरिया, थोडं लंडन, थोडं दुबई. इथे सिनेमा लागणार तो पुण्यात, ठाण्यात, कोल्हापुरात, आणि साइटवर वॉलपेपर डाउनलोड करणार ते अमेरिकेतले मराठी लोक, ज्यांच्या गावात तो लागणारच नव्हता. निर्माते विचारायचे, "ताई, मग याचा उपयोग काय?" उपयोग होता. तिथली महाराष्ट्र मंडळं शो लावायची, बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरायचं, आणि आयोजकांना पाठवायला हातात एक लिंक असायची. 2004 साली 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला गेला आणि त्याच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली, तेव्हापासून साइटला 'परदेशातलं ऑफिस' म्हणून थोडा मान मिळू लागला. बजेट मात्र तेवढंच राहिलं.

प्रत्येक कामाची सुरुवात रफ कटने, म्हणजे सिनेमाच्या कच्च्या संकलनाने होते, आणि या धंद्यातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. कोपऱ्यात टाइमकोड धावतोय, मधोमध माझ्या नावाचा वॉटरमार्क, पार्श्वसंगीताच्या जागी कुठल्यातरी परदेशी सिनेमातलं उचललेलं संगीत, काही शॉट रंगसंस्कारांविना राखाडी. मी वही घेऊन बसते आणि दोन याद्या करते. एक, दाखवायचं काय. दुसरी, जी जास्त महत्त्वाची, लपवायचं काय. दिग्दर्शकाला वाटतं सगळंच लपवावं. निर्मात्याला वाटतं पैसे खर्च केलेत ते सगळं दाखवावं. वितरकाला गाणं हवं असतं. माझं मत असं की प्रेक्षकाला गोष्ट सांगू नये, गोष्टीतली अडचण सांगावी. बाप-मुलाचा सिनेमा असेल तर दोघं बोलत नाहीत एवढं ट्रेलरमध्ये कळलं पाहिजे. का बोलत नाहीत ते तिकिटाच्या आत. हे पटवायला अख्खी बैठक जाते, आणि नंतर कुणीतरी शेवटच्या दहा मिनिटांतला मिठीचा शॉट ट्रेलरमध्ये घालतोच.

दुसरं युद्ध नावांचं आणि डोक्यांचं. पोस्टरवर कोणाचं नाव आधी, कोणाचं डोकं केवढं, हे करारात लिहिलेलं असतं. नसेल तर फोनवर ठरतं आणि दुसऱ्या फोनवर बदलतं. छापील पोस्टर एकदा छापलं की निदान विषय तरी मिटायचा. वेबवर कधीच मिटत नाही, कारण बदल करता येतो हे सर्वांना ठाऊक असतं. प्रीमियरच्या संध्याकाळी मला फोन आलाय, "ताई, आमच्या सरांचा चेहरा डावीकडच्यापेक्षा लहान वाटतोय." मी मोजून सांगितलं, सारखाच आहे. "वाटतोय ना पण!" मग डावीकडच्याला जरा सावलीत ढकललं. मिटलं.

फ्लॅशचा शेवट हळूहळू झाला. 2007 साली आयफोन आला तो फ्लॅशशिवाय. आम्ही हसलो, म्हटलं एवढा महाग फोन आपल्याकडे घेणार कोण. एप्रिल 2010 मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जने जाहीर पत्र लिहून सांगितलं की फ्लॅश आमच्या फोनवर येणार नाही, तेव्हा स्टुडिओत चहा पिता पिता सगळे गप्प झाले. आमची अर्धी टीम ॲक्शनस्क्रिप्टवाली, म्हणजे फ्लॅशच्या भाषेत प्रोग्राम लिहिणारी होती. काहींनी एचटीएमएल-जावास्क्रिप्टची वाट धरली, एक जण गेमकडे गेला, एकाने सरळ गावाकडे डिजिटल फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि आमच्या सगळ्यांपेक्षा लवकर फ्लॅट घेतला. ॲडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश कायमचं बंद केलं, पण आमच्यासाठी तोवर ते कधीच संपलं होतं.

त्याहून मोठा बदल वेगळाच होता. यूट्यूब 2008 मध्ये भारतात आलं, फेसबुक पसरलं, आणि निर्माते विचारू लागले की लोक तिकडे आहेत तर त्यांना साइटवर कशाला बोलवायचं. प्रश्न रास्त होता. तोपर्यंत मी जागा बांधत होते, जिथे माणूस आत येतो, फिरतो, दारं उघडतो. आता तुकडे बनवायचे होते, जे माणसाच्या अंगठ्याखालून सरकत जाताना क्षणभर अडतील. यूट्यूबची जाहिरात पाच सेकंदांनी वगळता येते, म्हणजे पाच सेकंदांच्या आत काहीतरी घडायला हवं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, निर्मितीसंस्थेचा लोगो, सादरकर्त्याचा लोगो, या सगळ्या मानापानात ती पाच सेकंदं संपतात. लोगो शेवटी टाकूया हे मान्य करून घ्यायला मला जितका त्रास झाला तितका एखादं अख्खं कॅम्पेन करायला होत नाही.

'सैराट' आला 29 एप्रिल 2016 ला, आणि माझी सगळी गृहीतकं उलटीपालटी झाली. गाणी आधीच घराघरांत, लग्नाच्या वरातींत पोचली होती. तेव्हा अजून जिओही आलेलं नव्हतं. ते त्याच वर्षी सप्टेंबरात आलं. लोकांनी गाणी मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून घेतली होती. हे माझ्या कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसणार नव्हतं. जिओ आल्यावर मात्र चित्र पालटलं. नांदेड, लातूर, सोलापूरकडचे व्ह्यू मुंबई-पुण्याच्या बरोबरीने दिसायला लागले, आणि रात्रीचे अमेरिकेतले चढ त्यात बुडून गेले. ट्रेलर फॉरवर्ड व्हावा म्हणून तो 16 एमबीच्या आत बसवायचा, कारण व्हॉट्सॲपवर त्यापुढे जायचं नाही. 300 केबीच्या काळातलं शिक्षण तिथे कामी आलं. नव्या पोरांना काय कापावं कळत नव्हतं. मला कळत होतं. अंधारे शॉट कॉम्प्रेस केले की त्यांची गोधडी होते, ते आधीच बाजूला काढायचे.

अक्षराचं जुनं प्रेम आता वेगळ्या ठिकाणी छळतं. सिनेमाचं नाव मी अजूनही आधी हाताने काढते, कार्ट्रिज पेपरवर, ब्रशने. मग स्कॅन, मग ट्रेस. मोठ्या पोस्टरवर ते देखणं दिसतं. तेच फोनवर थंबनेलमध्ये आलं की शिरोरेषा तुटते, अनुस्वार रफाराला चिकटतो आणि मात्रा केसासारखी होते. म्हणून प्रत्येक नावाची आता दोन रूपं काढते, एक भिंतीसाठी, एक फोनसाठी. फोनवालं जाड, बुटकं, मात्रा आखडलेल्या. शिवाय जागा. मराठी पोस्टरवर नाव खाली असायची रीत. पण यूट्यूबच्या थंबनेलवर उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी सांगणारी काळी पट्टी येते आणि नावाचं शेवटचं अक्षर गिळते. उभ्या रीलमध्ये खाली मजकूर चढतो, उजवीकडे बटणं. म्हणजे नावाला उरते ती मधली जागा, जिथे नटाचा चेहरा असतो. पुन्हा तेच भांडण. माझ्या टीममधली मुलगी म्हणाली, "सगळीकडे नाव वाचता यायलाच हवं का? चेहरा ओळखीचा असला की झालं." मी तिला नाटकांच्या कात्रणांची वही आणून दिली. तिने ती दोन दिवस ठेवली, परत दिली, आणि पुढचं थंबनेल पुन्हा चेहऱ्याचंच केलं. त्याला क्लिकही जास्त मिळाले, हे सांगायला हवं.

क्लिकबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे की तो फुकट असतो. तिकीट, पेट्रोल, पॉपकॉर्न आणि मुलांना कोणाकडे ठेवायचं, हा सगळा हिशोब करून माणूस थिएटरात जातो. रडका चेहरा, भांडणारी सून, लाल बाण, यांवर क्लिक करणारा आणि तो हिशोब करणारा माणूस एकच असेल याची खात्री कुठलाच रिपोर्ट देत नाही. लाखांनी व्ह्यू असलेल्या ट्रेलरचे सिनेमे शनिवारच्या दुपारी रिकाम्या हॉलमध्ये चाललेले मी पाहिलेत. त्यातले काही व्ह्यू विकत घेतलेले होते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि बैठकीत कोणी बोलत नाही. मी आता ट्रेलरपेक्षा बुकिंगच्या पानावर लक्ष ठेवते. गुरुवारी रात्री कुठल्या गावात कुठल्या शोच्या मधल्या रांगा भरल्यात ते बघते आणि त्या गावाच्या जाहिरातीवर पैसे वळवते. नाशिकला सकाळचा शो भरत असेल तर तिथे कुटुंबं येतायत. मग तिथे आजीचा सीन चालवायचा, मारामारीचा नाही.

कोविडमध्ये थिएटरं बंद पडली, कामं ओटीटीकडे गेली, परत आली. त्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय.

मला जास्त लागलं ते दुसरंच. एका विद्यार्थ्याने प्रोजेक्टसाठी माझ्या जुन्या साइटी मागितल्या. मी पत्ते टाकत गेले. बहुतेक उघडल्याच नाहीत. एका कौटुंबिक सिनेमाच्या पत्त्यावर सट्ट्याची जाहिरात होती, आणि आमच्या दिग्दर्शकाच्या आईला अर्पण केलेलं पान होतं तिथे फिरणारं चाक. असं का होतं ते साधं आहे. डोमेन वर्षाच्या भाड्याने असतं, सिनेमा उतरला की निर्मितीसंस्था गुंडाळली जाते, नूतनीकरणाचा ईमेल बंद पडलेल्या पत्त्यावर जातो, आणि जुन्या लिंकांमुळे त्या नावाला किंमत असते म्हणून दुसरा कोणीतरी ते उचलतो. अमेरिकेत 'स्पेस जॅम'ची 1996 ची साइट अजून जशीच्या तशी उघडते, कारण स्टुडिओ टिकला आणि कोणीतरी ती ठेवली. आपल्याकडे एका सिनेमापुरता निर्माता होणारे खूप. जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये काही पानं सापडली, पण बऱ्याच ठिकाणी फ्लॅशच्या जागी राखाडी चौकट. रफल नावाचा इम्युलेटर आहे, फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम, त्याने काही फायली चालतात. चाळीचा जिना चालला, माझ्याकडच्या एका जुन्या सीडीवरून. आवाज नाही आला.

तेव्हापासून कोटेशनमध्ये मी एक वेगळी ओळ घालते. साइट लहान, साध्या एचटीएमएलची, श्रेयनामावली आणि छायाचित्रांसह, आणि डोमेन 10 वर्षांसाठी आगाऊ भरलेलं; डॉट कॉम एका वेळी त्यापेक्षा जास्त वर्षांचं मिळत नाही. परवा सांगलीकडचे एक निर्माते ऑफिसात आले होते. सगळं कोटेशन बोट ठेवून वाचलं, रीलचे पैसे मान्य केले, बॅनरचे कमी करायला लावले आणि या ओळीवर थांबले.

"ताई, पिक्चर दोन आठवडे टिकला तर मी सत्यनारायण घालणार आहे. दहा वर्षांचं काय घेऊन बसलात?"

मी म्हटलं, अहो, तुमच्या नातवाला दाखवायला. ते म्हणाले, नातू आताच मोबाइलवर सगळं बघतो. बराच वेळ ताणून शेवटी पाच वर्षांवर तोडलं, जीएसटी वेगळा.